पाच मानांचा मासा: क्रीचर कार्ड जोखायचं कसं

रविवारी सकाळी पोह्यांच्या बशा उचलल्या की रामबागेतल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर पत्ते येतात. पूर्वी मेंढीकोट व्हायचा. आता भाच्याच्या हट्टापायी ‘मॅजिक: द गॅदरिंग’ होतं. बंगळुरूची नोकरी सोडून इंदूरला परत आलेल्या एका मित्राने बुटाच्या खोक्यात भरून ही कार्डं मला दिली. ‘घरात पसारा नको म्हणते बायको,’ एवढंच त्याचं कारण. भाचा तेरा वर्षांचा आहे. त्याने पहिल्याच दिवशी खोकं सतरंजीवर उलटं केलं आणि तासाभरात दोन ढीग लावले, एक ‘भारी’ आणि एक ‘बेकार’.

भारी ढिगाच्या डोक्यावर शिवन ड्रॅगन. बेकार ढिगात मलड्रिफ्टर नावाच्या, हवेत तरंगणाऱ्या माशासारख्या प्राण्याची चार कार्डं.

‘मामा, बघ ना, पाच माना द्यायच्या आणि मिळतं काय, तर दोन-दोन. एवढ्यात अडीच अस्वलं येतात.’

आतून आई म्हणाली, ‘कोणाच्या पाच माना देताय रे?’

माना म्हणजे या खेळातलं चलन, मुंड्या नव्हेत, हे तिला समजावून झालं. भाच्याचा हिशेब मात्र चुकलेला नव्हता. तो ट्रम्प कार्डांवर वाढलेल्या माझ्या पिढीचाच हिशेब होता. कुस्तीगिरांची ती कार्डं आठवत असतील. उंची, वजन, छाती, लढलेल्या कुस्त्या. ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचं कार्ड न्यायचं. त्या खेळात कार्ड जोखणं म्हणजे नुसतं वाचणं. इथे तसं चालत नाही, आणि का चालत नाही ते एकदा कळलं की या खेळातली निम्मी मजा हाती लागते.

आधी थोडे नियम, म्हणजे पुढचं डोक्यावरून जाणार नाही. हा खेळ १९९३ साली आला. तो रचणारा रिचर्ड गारफिल्ड गणिताचा माणूस. प्रत्येक खेळाडूकडे स्वतःचा साठ पत्त्यांचा डेक, वीस गुण आयुष्य, आणि सुरुवातीला हातात सात पत्ते. डेकमधली काही कार्डं ‘लँड’ असतात. दर फेरीला एकच लँड मांडता येते, आणि प्रत्येक लँड फेरीला आपल्या रंगाची एक माना देते: लाल, हिरवी, निळी, पांढरी किंवा काळी. म्हणजे पहिल्या फेरीला एक, दुसऱ्या फेरीला फार तर दोन, असा पैसा हळूहळू वाढतो. त्या मानांतून क्रीचर, म्हणजे प्राणी, मैदानात आणायचे. प्रत्येक प्राण्याच्या कोपऱ्यात दोन आकडे असतात. पहिला मारायचा, दुसरा सोसायचा. ३/२ म्हणजे तीनचा फटका देतो, पण एका फेरीत दोनचा मार बसला की मेला. नव्याने आलेला प्राणी त्याच फेरीत हल्ला करू शकत नाही. हल्ला करताना कार्ड आडवं करायचं, त्याला टॅप म्हणतात. टॅप झालेला प्राणी समोरच्याच्या फेरीत तुमच्यासाठी आडवा येत नाही. पंखवाल्याला पंखवालाच अडवतो. एवढं पुरे.

आता भाच्याचं अस्वल. ग्रिझली बेअर्स हे कार्ड पहिल्याच संचातलं. दोन मानांना २/२, त्यावर आणखी एक अक्षरही लिहिलेलं नाही. हे कार्ड फारसं कोणी हौसेने डेकमध्ये घालत नाही, पण सगळे त्याच्याशी तुलना करतात. बाजारात भाजीवाला काही बोलायच्या आत आपल्या डोक्यात एक भाव असतो ना, तसा हा भाव. दोन मानांना २/२ हा भाव धरला, तर तीन मानांना साधारण ३/३ यावा, चारला ४/४ च्या आसपास. नवं कार्ड हातात आलं की पहिल्यांदा अक्षरं झाकायची, नुसते आकडे बघायचे आणि भावाशी ताडायचं. भाच्याने हेच केलं. मासा पाच मानांना २/२, म्हणजे तीन मानांचा तोटा. ड्रॅगन सहा मानांना ५/५, वर पंख, वर एकेक लाल माना ओतली की त्या फेरीपुरता एकेकाने वाढणारा फटका. म्हणजे फायदाच फायदा.

पण ही झाली पहिली चाळण. गोम पुढे आहे, आणि ती बदाम सात खेळलेल्या कोणालाही पटकन कळावी. बदाम सातमध्ये राजा काय कामाचा? नावाचा राजा, पण दहिला, गुलाम, राणी लागल्याशिवाय त्याला खाली उतरता येत नाही. तो हातात बसून राहतो आणि डाव संपल्यावर अंगावर गुण घेऊन येतो. महाग कार्डाचं असंच असतं. सहा मानांचं कार्ड सहाव्या फेरीला उतरतं असं आपण सहज धरतो. जरा मांडून बघू. साठ पत्त्यांत चोवीस लँड, हे बऱ्यापैकी रूढ प्रमाण आहे. म्हणजे दर पाच पत्त्यांत दोन लँड. सहा लँड हाती यायला सरासरी पंधरा पत्ते बघावे लागतात. सुरुवातीचे सात, मग फेरीला एक. जो पहिला खेळतो त्याला पहिल्या फेरीला पत्ता उचलायला मिळत नाही, त्यामुळे त्याचे पंधरा पत्ते नवव्या फेरीला पुरे होतात, दुसऱ्याचे आठव्या. मधल्या काळात तो राजबिंडा ड्रॅगन हातात बसून असतो आणि समोरची अस्वलं अंगणात नाचत असतात. शिवाय ड्रॅगनला सहापैकी दोन माना लालच लागतात. डेकमध्ये दोन रंग असले तर तेवढी आणखी वाट.

म्हणून नव्या कार्डाला माझा पहिला प्रश्न असतो की तू नक्की कधी येणार, आणि तोवर मी काय करायचं.

मलड्रिफ्टरवरची अक्षरं वाचली की इथेच गंमत सुरू होते. हे कार्ड २००७ सालचं, लॉरविन नावाच्या संचातलं. त्यावर तीन गोष्टी लिहिल्या आहेत. एक, पंख. दुसरी, हा मैदानात आला की तुम्ही दोन पत्ते उचलायचे. आणि तिसरी ‘इव्होक’ नावाची सवलत: पाचऐवजी तीनच माना द्या, तो येईल, दोन पत्ते देईल आणि लगेच मरेल. म्हणजे कार्ड एक आणि किमती दोन. घाईत असाल तर तीन मानांना दोन पत्ते. सवड असेल तर पाच मानांना दोन पत्ते आणि वर उडणारं २/२ अंगण राखायला. तीन लँड सरासरी आठ पत्त्यांतच येतात, म्हणजे तिसऱ्या फेरीला हे कार्ड बहुतेक वेळा वापरता येतं. पोरगा ज्याला पाच मानांचं समजत होता ते खरं तर तीन मानांचंही होतं.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे असं मला वाटतं, आणि नवा खेळाडू तो विचारतच नाही: हा मेला तर माझ्याकडे काय उरतं?

या खेळात प्राणी मारणं स्वस्त आहे. पहिल्याच संचातलं टेरर दोन मानांत जवळपास कोणताही प्राणी मारतं, फक्त काळा किंवा यांत्रिक नसावा. स्वॉर्ड्स टू प्लाउशेअर्स तर एकाच मानेत प्राण्याला खेळाबाहेर काढतं. बदल्यात त्याच्या मालकाला त्याच्या फटक्याएवढं आयुष्य मिळतं, बस. आता हिशेब करा. सहा मानांचा ड्रॅगन, एका मानेचं उत्तर. कार्डाला कार्ड गेलं, ते फिटंफाट. पण माना? पाचांचा खड्डा. एक पूर्ण फेरी तुम्ही ड्रॅगनला दिली आणि समोरच्याने एका मानेत ती पुसून टाकली. उरलेल्या मानांत तो आपलं काम करत राहिला.

याहून बोचणारा प्रकार म्हणजे अनसमन. एका मानेचं हे निळं कार्ड प्राण्याला मारत नाही, नुसतं मालकाच्या हातात परत पाठवतं. ड्रॅगनला परत पाठवलं म्हणजे तुमची अख्खी फेरी फुकट, पुन्हा सहा माना मोजा. आणि माशाला परत पाठवलं तर? मी चहा पाजीन. तो पुन्हा येईल आणि पुन्हा दोन पत्ते देईल. तेच कार्ड समोरच्याने वापरलं, एका ठिकाणी मी रडलो, एका ठिकाणी हसलो.

पण इथे एक सावधगिरी. ‘हा तर टेररने मरतो’ हे वाक्य एकदा शिकलं की पोरं ते सगळ्याच कार्डांना चिकटवतात. माझ्या भाच्याने पुढचा महिनाभर तेच केलं. सगळेच मरतात, बाबा. मुद्दा मरण्याचा नाही. मरण्याआधी तो काही देऊन जातो का, की त्याचं सगळं देणं पुढच्या फेरीच्या भरवशावर आहे, हा मुद्दा. सुरुवातीच्या वर्षांत या खेळात टेररसारखी मंत्रांची कार्डं दणकट होती आणि प्राणी बरेचसे दुबळे. पुढे खेळ रचणाऱ्यांनी प्राण्यांना ‘आल्या आल्या काहीतरी करून टाकणारे’ बनवायला सुरुवात केली, त्यामुळे प्राण्यांची किंमत वाढली. मासा त्या दुसऱ्या काळातला.

भाच्याला सांगून पटेना, तेव्हा आम्ही एक खेळ मांडला. तो लाल-हिरवा डेक घेऊन, मी पांढरा-निळा. तो पहिला.

त्याची पहिली फेरी: लानोवार एल्व्ह्ज. एका मानेचा १/१, पण टॅप केला की एक हिरवी माना देतो, म्हणजे चालतीबोलती लँड. झकास सुरुवात. दुसऱ्या फेरीला अस्वल. मी दुसऱ्या फेरीला वॉल ऑफ ओमेन्स मांडली. ही दोन मानांची भिंत, ०/४, हल्ला करत नाही, आली की एक पत्ता देते. अस्वल भिंतीपुढे येऊन थबकलं. दोनचा फटका चारच्या भिंतीला काय करणार?

त्याच्या तिसऱ्या फेरीला त्याच्याकडे चार माना होत्या. तो हातातले पत्ते बघत बसला. काही नाही. चौथीला पाच माना, तरी काही नाही. हातात ड्रॅगन आणि त्याच्याहून महाग एक कार्ड. डेक लावताना सगळे ‘भारी’ तेवढे भरले होते ना! मी तिसऱ्या फेरीला मासा तीन मानांत आणला, दोन पत्ते घेतले, मासा गेला. ‘मेला!’ भाचा खूश. चौथ्या फेरीला मीही रिकामाच.

पाचवी फेरी. पाच लँड आणि एक एल्फ, सहा माना. त्याने ड्रॅगन मांडला, अगदी टेबलावर आपटून. आई स्वयंपाकघरातून बघायला आली. मी माझ्या पाच मानांत दुसरा मासा पूर्ण किमतीला आणला. आणखी दोन पत्ते. सहाव्या फेरीला ड्रॅगन निघाला. भाच्याने तीन लाल माना ओतल्या, पाचाचे आठ झाले. मासा मध्ये घालून वाचवता आलं असतं, पण मी मार खाल्ला. वीसाचे बारा. त्याच्या चेहऱ्यावर रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघाली होती.

माझ्या फेरीत मी एक पांढरी लँड आडवी केली आणि स्वॉर्ड्स टू प्लाउशेअर्स टाकलं. ड्रॅगन गेला. भाच्याला पाच आयुष्य मिळालं, वीसाचे पंचवीस झाले.

‘तुझं नशीब,’ तो म्हणाला.

नशीब होतंच. पण किती? वही काढून आम्ही बसलो. स्वॉर्ड्सच्या चार प्रती माझ्या साठांत होत्या. दुसरा खेळाडू म्हणून सहाव्या फेरीपर्यंत मला एरवी तेरा पत्ते दिसले असते. तेरांत त्या चारांपैकी निदान एक असण्याची शक्यता शंभरात त्रेसष्ट. भिंतीने एक आणि दोन माशांनी चार पत्ते दिले, म्हणून मी अठरा पत्ते बघितले होते. अठरांत तीच शक्यता शंभरात सत्त्याहत्तर. म्हणजे माशांनी आणि भिंतीने मिळून माझं नशीब चौदा टक्क्यांनी ओढून आणलं. पाचव्या फेरीला माझ्याकडे पाच लँड होत्या, त्याही त्याच जोरावर. बघायला पत्ते जास्त मिळाले की लँडही जास्त येतात. भाच्याने गुणाकार दोनदा तपासला. शाळेत संभाव्यतेचा धडा नुकताच झाला होता, त्यामुळे मला सूट मिळाली नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी माशाचा एजंट ठरेन. स्वॉर्ड्स आलं नसतं तर ड्रॅगनने अजून दोन हल्ल्यांत मला संपवलं असतं. तो वाईट कार्ड नाहीच. आणि ड्रॅगन गेल्यावर माझ्या माशाने दोन-दोनचे टोले मारत पंचवीस आयुष्य संपवायचं म्हटलं तर तेरा फेऱ्या लागल्या असत्या. तोवर पोह्यांची पुढची फोडणी झाली असती. तो खेळ शेवटी सेरा एंजलने संपवला. पाच मानांची, ४/४, पंख, आणि हल्ला करूनही टॅप न होणारी. मोठा प्राणी लागतोच. माशाने मला तिच्यापर्यंत जिवंत पोचवलं, एवढं त्याचं श्रेय.

खेळ कोणत्या अवस्थेत आहे त्यावर कार्डाची किंमत कशी हलते, हे इंदूरकराला सराफ्याचं उदाहरण दिलं की पुरतं. दिवसा तिथे सोन्याचांदीची दुकानं. शटर खाली आलं की त्याच दुकानांपुढे खाऊच्या गाड्या. जागा तीच, पण दुपारी तीनला भुट्ट्याचा कीस मागायला गेलात तर तुमची चूक. अनुभवी खेळाडू कार्डाला चार वेगवेगळ्या वेळांना लावून बघतात: खेळ नुकताच सुरू झालाय, दोघेही बरोबरीत अडकलेत, मी पुढे आहे, मी मागे पडलोय.

लानोवार एल्व्ह्ज पहिल्या वेळेचा राजा. पहिल्या फेरीला आला तर पुढे दर फेरीला एक माना जास्त. दहाव्या फेरीला उचलला तर नुसता १/१, आणि मागे पडलेला असताना तर तो एक पत्ता वाया गेल्यासारखाच. ड्रॅगन बरोबरीत अप्रतिम, कारण अंगणात दोन्हीकडे गर्दी झाली की वरून उडणारा पाचाचा फटका कोंडी फोडतो. पुढे असताना तर तो खेळ आटोपतो. मागे पडल्यावर मात्र अर्धाच कामाचा. समोरून चार जण येत असले तरी तो एकालाच अडवणार. आणि सुरुवातीला तो हातातला दगड. मासा कशातच पहिला येत नाही. सुरुवातीला ठीक, बरोबरीत फार चांगला, कारण दोघांचे हात रिकामे झालेले असताना दोन नवे पत्ते म्हणजे पगाराचा दिवस. पुढे असताना बरा. मागे पडल्यावर चांगला, कारण एकाला अडवतो आणि सुटकेचं कार्ड शोधून देतो. चारही विषयांत साठ-सत्तर टक्के. असे पोरगे बारावीच्या गुणवत्ता यादीत दिसत नाहीत, पण घर तेच चालवतात.

जोडीबद्दल मला जरा जास्त लिहायचंय, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथे होते.

क्लाउडशिफ्ट नावाचं एका मानेचं पांढरं कार्ड आहे. ते आपल्याच प्राण्याला क्षणभर खेळाबाहेर काढतं आणि लगेच परत आणतं. वाचल्यावर वाटतं, कशाला? आता मासा तीन मानांत आणा. तो आला की दोन गोष्टी रांगेत उभ्या राहतात: ‘दोन पत्ते घ्या’ आणि ‘मासा मरतो’. दोन्ही आपल्याच, त्यामुळे रांगेतला क्रम आपण ठरवायचा. पत्ते आधी घ्यायचे. मग ‘मासा मरतो’ ही गोष्ट घडायच्या आत क्लाउडशिफ्ट टाकायचं. मासा जातो आणि परत येतो, पण परत आलेला मासा खेळाच्या दृष्टीने नवा प्राणी. मरायची नोटीस जुन्याच्या नावावर होती, ती याला लागू होत नाही. आणि नवा आला म्हणून पुन्हा दोन पत्ते. एकूण खर्च चार माना, म्हणजे पूर्ण किमतीहून एक कमी. मिळालं काय, तर चार पत्ते आणि उडणारा मासा, तोही जिवंत. भाच्याला हे दाखवलं तेव्हा तो ‘हे चीटिंग आहे’ म्हणाला. नियमपुस्तकात बसतं, बेटा.

क्लाउडशिफ्ट म्हणजे जिरावण, आमचा इंदुरी मसाला. पोह्यांवर भुरभुरलं की जिभेला कळतं. नुसतं जिरावण बशीत घेऊन कोणी नाश्ता करत नाही. हातात मासा नसेल, भिंत नसेल, तर क्लाउडशिफ्ट निव्वळ एक पुडी. दोन्ही कार्डांच्या चार-चार प्रती साठांत ठेवल्या, तरी पहिल्या दहा पत्त्यांत दोन्ही एकत्र येण्याची शक्यता शंभरात सव्वीस-सत्तावीस. म्हणजे चार खेळांत एकदा. उरलेल्या तीन खेळांत काय? म्हणून जोडीचं कार्ड जोखताना मी जोडीदार आलेला नाही असं धरून आधी बघतो. मासा एकटाही पोट भरतो, म्हणून तो जोडीतला भक्कम. क्लाउडशिफ्ट माशाशिवाय उपाशी ठेवतं, म्हणून चार नको, एखाद-दोन घातली तरी खूप.

आता अक्षरं. भाचा आकडे वाचतो तसा मी एकदा घाईने अक्षरं वाचली होती. फ्लेमटंग कावू, चार मानांचा लाल प्राणी, ४/२. आल्यावर एका प्राण्याला चारचा मार देतो. म्हणजे एका कार्डात समोरचा एक प्राणी खलास आणि वर आपला चारचा फटका मैदानात उभा, नामी सौदा. समोर एकही प्राणी नव्हता. माझ्याकडेही नव्हता. मी ऐटीत कावू मांडला. समोरचा मित्र, हाच बुटाच्या खोक्याचा मालक, शांतपणे म्हणाला, ‘चारचा मार कोणाला?’ कार्डावर ‘हवं असल्यास’ असं लिहिलेलं नाही. मार द्यायचाच. मैदानात प्राणी एकच, कावू. माझ्या कावूने स्वतःलाच चारचा मार दिला आणि दोन सोसणारा तो बिचारा गेला. त्या दिवसापासून मी कार्डावरचे ‘करू शकता’ आणि ‘करतो’ हे दोन शब्द वकिलासारखे वाचतो.

आकड्यांचंही थोडं बारीक बघायला हवं. तीन सोसणारा आणि चार सोसणारा यांत एकाचाच फरक दिसतो. पण लाइटनिंग बोल्ट हे एका मानेचं लाल कार्ड तीनचा मार देतं, आणि लाल खेळणाऱ्याकडे ते असणारच असं धरून चालायचं. मग तीन आणि चारच्या मध्ये भिंत उभी राहते. सेरा एंजल चार सोसते, बोल्टने मरत नाही. दोन सोसणारा मासा मरतो, पण त्याने पत्ते आधीच दिलेले असतात. तेव्हा आकडा कितीचा यापेक्षा समोरच्या टेबलावर कोणते आकडे फिरतायत ते आधी बघायचं. मेंढीकोटात हुकमाची दुर्री एक्क्याला कापते, पण हुकूम कोणता हे ठरल्यावरच ना.

मागच्या रविवारी भाच्याने डेक नव्याने लावला. ड्रॅगन एकच ठेवला. पांढरा रंग घेऊन सॅव्हाना लायन्स घातले, एका मानेचे २/१. त्याने स्वतःच मांडलं की पहिल्या फेरीला आलेला सिंह दुसरीपासून पाचवीपर्यंत कोणी न अडवता चारदा मारला तर आठ आयुष्य गेलं, वीसातलं. मी म्हटलं, आणि आठव्या फेरीला आला तर? तो म्हणाला, ‘आठव्यापर्यंत खेळ चालूच द्यायचा नाही.’ हे त्याला मी शिकवलेलं नव्हतं.

मग खोक्यातून त्याने वॉल ऑफ ओमेन्स उचलली, जिने त्याचं अस्वल अडवलं होतं. उलटसुलट करून बघितली.

‘मामा, भारी कार्ड आहे हे. दोन मानांत चार सोसते, पत्ता पण देते.’

‘हो.’

‘पण हल्ला करत नाही.’

‘नाही.’

तो सिंहांच्या गड्डीकडे बघत राहिला. मग भिंत माझ्या बाजूला सरकवली आणि म्हणाला, ‘तूच ठेव. मला हिचं काय काम?’ आणि पत्ते पिसायला घेतले.